येणारे किती, नुसतेच जाणारे किती

विषय मिलिंदने काढला आणि काढतानाच त्याचा आवाज चढलेला होता. भर शहरातला मुख्य रस्ता, चार लेनच्या दोन करायच्या, उरलेल्या जागेत रुंद फुटपाथ आणि सायकल ट्रॅक, असं एक चित्र त्याने मोबाइलवर सगळ्यांना दाखवलं. ही चित्रं कुठल्याही शहराची असोत, दिसतात सारखीच. झाडं पूर्ण वाढलेली, माणसं हसरी, एक पोरगी फुगा घेऊन चाललेली, आणि माल उतरवणारा टेम्पो एकही नाही. (टेम्पोचं सलीमभाईंनी पहिल्या फटक्यात टिपलं. दुकानदाराची नजर.)

"चार लेनमध्ये गाडी हलत नाही, दोनमध्ये काय उडणार आहे?" मिलिंद म्हणाला. त्याची नोकरी फिरतीची, निम्मा दिवस स्टिअरिंगमागे जातो. त्यामुळे त्याचं बोलणं हसण्यावारी नेण्यात अर्थ नसतो.

नंदा सायकल स्टँडला लावता लावताच भांडायला लागली. "रुंद केल्यावर कायमचा मोकळा झालेला एक रस्ता सांग. एकच सांग."

इथे मी माझं घोडं पुढे दामटलं. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली अमेरिकेतल्या महानगरांची आकडेवारी मांडून दाखवलं, की आंतरराज्य महामार्गांच्या लेन जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचं धावणंही वाढतं. म्हणजे कोंडी होती तिथेच. आधी जे वेळ बदलून निघायचे, बसने जायचे किंवा जायचं टाळायचे, ते मोकळा रस्ता बघून बाहेर पडतात.

यावर मिलिंद गप्प बसेल असं मला वाटलं होतं. कसला बसतोय! "मग बिघडलं काय? त्या वाढलेल्या गाड्यांत माणसंच होती ना? त्यांची कामं झाली. कोंडी तेवढीच राहिली, पण माणसं जास्त पोचली. तू याला अपयश म्हणतोस, मी म्हणतो रस्ता कामी आला."

मुद्दा खरा आहे, आणि रस्ते अरुंद करा म्हणणारे तो सहसा टाळतात. महामार्गाला तो लागूही पडेल. पण भर शहरात रुंदी आणायची कुठून? दोन्हीकडे इमारती. तिथे हिशेब एवढाच, की आहे त्या जागेतून माणसं जास्त कशाने जातात. नॅक्टो ही अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांची संघटना. तिने एका तीन मीटरच्या लेनचा अंदाज दिलाय. खासगी गाड्या धावल्या तर तासाला ६०० ते १,६०० माणसं, फक्त बससाठी ठेवली तर ४,००० ते ८,०००, दुहेरी संरक्षित सायकल मार्ग केला तर ७,५०० पर्यंत आणि फुटपाथ केला तर ९,००० पर्यंत.

"पर्यंत," मिलिंदने नेमकं पकडलं. "म्हणजे भरला तर. रिकाम्या सायकल ट्रॅकवरून शून्य माणसं जातात, आणि मी बघतो तेव्हा तो रिकामाच असतो."

"सायकली तुंबत नाहीत म्हणून तुला रिकामा दिसतो," नंदा म्हणाली. "गाड्या तुंबल्या की रस्ता भरलेला वाटतो, जात कोणीच नसतं. आणि तो ट्रॅक जातो कुठे ते बघितलंस? चौकाच्या अलीकडे रंग संपतो, म्हणजे जिथे जिवाची भीती नेमकी तिथेच संपतो. अर्धा पूल बांधायचा आणि वरून कोणी जात नाही म्हणून रडायचं."

अण्णा इतका वेळ ऐकत होते. त्यांचं अख्खं आयुष्य सिग्नलच्या वेळा लावण्यात गेलंय, त्यामुळे रस्त्याच्या मधल्या भागाबद्दल त्यांना फारशी आस्था नाही. "लेन, लेन काय करताय? कोपऱ्याकडे कोणी बघतंय का?" असं म्हणून त्यांनी विटेचा तुकडा उचलला आणि फरशीवर दोन कोपरे काढले. एक ऐसपैस गोलाईचा, दुसरा जवळजवळ काटकोनात.

"हा गोल कोपरा. गाडी ब्रेकला पाय न लावता वळते. आणि फुटपाथच आत सरकल्यामुळे चालणाऱ्याला ओलांडायला अंतर जास्त. म्हणजे एकाच रेषेने गाडीचा वेगही वाढवला आणि माणसाचं रस्त्यातलं चालणंही. आता धर, रस्ता चौदा मीटरचा. पुस्तकातला माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे बारा सेकंदांत पार. गुडघे धरलेली म्हातारी ०.८ ने चालते, तिला साडेसतरा लागतात. मधले साडेपाच सेकंद ती कुठे असते?"

कोणी बोललं नाही, कारण अण्णांना प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायची सवय आहे.

"गाड्यांच्या समोर असते. आता कडेला पार्किंगची पट्टी आहे ना? ती तशीही चौकाच्या तोंडाशी वापरायची नसते. तेवढ्याच भागात फुटपाथ दोन्हीकडून दोन-दोन मीटर पुढे आणायचा. चौदाचे झाले दहा. म्हातारी साडेबारा सेकंदांत पलीकडे. लेन एकही गेली नाही." मग मिलिंदकडे वळून म्हणाले, "आणि चालणाऱ्यांना वेळ कमी लागला, की उरलेले सेकंद मी तुझ्या हिरव्याला देऊ शकतो."

मिलिंद पहिल्यांदा वाकून बघायला लागला. "आगीचा बंब वळेल का पण तिथे?"

"बंबाला अख्खा रस्ता घेऊन वळू दे. समोरच्या गाड्यांची थांबरेषा चार हात मागे घ्यायची. कधीतरी येणाऱ्या बंबासाठी दिवसभर सगळ्यांना सुसाट वळू द्यायचं, हा कुठला न्याय?"

माझ्या मते त्या संध्याकाळची सगळ्यात कामाची गोष्ट हीच होती. रंगीत चित्रांत ती कधी दिसत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नसतं.

मग आलं पार्किंग, आणि सलीमभाई सरसावून बसले. नंदाचं म्हणणं, सायकल ट्रॅक फुटपाथला लागून घ्या आणि पार्किंग त्याच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे उभ्या गाड्यांचीच भिंत होते. न्यू यॉर्कने २००७ साली नाइन्थ ॲव्हेन्यूवर हेच केलं. मध्ये थोडी पट्टी मात्र सोडावी लागते, नाहीतर दार उघडलं की सायकलस्वार त्यावर आदळलाच.

"आणि माझी खोकी?" सलीमभाई म्हणाले. "टेम्पो भिंतीच्या पलीकडे, दुकान अलीकडे, मध्ये तुमच्या सायकली. पोऱ्या डोक्यावर माल घेऊन त्यातून जाणार. कोण कोणाला धडकणार तेवढं सांगा."

"सकाळी दहाच्या आत माल उतरवायचा," नंदा म्हणाली.

"माझा माल माझ्या घड्याळाने येत नाही, नंदा."

रस्ते बंद करून बाजार वाढतो हे त्यांना मान्य नव्हतंच, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे दाखले आहेत. कलामाझू या अमेरिकन गावाने १९५९ मध्ये आपला मुख्य बाजाररस्ता फक्त चालणाऱ्यांसाठी केला, पुढे अनेक शहरांनी त्याचं अनुकरण केलं, आणि त्यातले बहुतेक रस्ते नंतर पुन्हा गाड्यांना खुले झाले. शिकागोने स्टेट स्ट्रीटवर १९७९ मध्ये खासगी गाड्या बंद करून फक्त बस ठेवल्या आणि फुटपाथ प्रचंड रुंद केले; १९९६ मध्ये ते सगळं मोडून गाड्या परत आणल्या. उलट कोपनहेगनच्या स्ट्रॉयेटवर १९६२ मध्ये गाड्या बंद झाल्या तेव्हाही दुकानदारांनी आरडाओरडा केला होता, आणि तो रस्ता आजही गजबजलेला आहे.

फरक कशात? मला विचाराल तर माणसं आधीपासून होती की नव्हती यात. स्ट्रॉयेट जुना, अरुंद, आजूबाजूला दाट वस्ती. शिकागोत गिऱ्हाईक उपनगरांकडे चाललेलं, त्यात फुटपाथ इतका ऐसपैस केला की आलेली माणसंही तुरळक दिसायची. माणसं दूर गेलेली असतील तर नुसती फरसबंदी त्यांना परत आणत नाही. नंदाला हे फारसं पटलं नाही. सलीमभाईंना जरा जास्तच पटलं. मग नंदाने त्यांना ऐकवलं, की इंग्लंडात ब्रिस्टलच्या दुकानदारांना विचारलं तेव्हा गाडीने येणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्यांचा अंदाज खऱ्या आकड्याच्या जवळपास दुप्पट निघाला होता. "तुम्ही तरी कधी मोजलीत, कोण कशाने येतं?" सलीमभाईंनी मोजली नव्हती.

मी मध्येच डच अभियंता हान्स मॉन्डरमनचं कौतुक सुरू केलं. सिग्नल, पाट्या, कठडे सगळं काढून टाकायचं, रस्ता एकाच पातळीत आणायचा, म्हणजे चालक आपोआप सावध होतो आणि लोक एकमेकांकडे बघून वाट देतात.

"एकमेकांकडे बघून," विद्या म्हणाली. तिला दिसत नाही. "म्हणजे मी घरीच बसायचं."

ती पुढे बोलली ते वाहतुकीच्या आराखड्यात पहिल्या पानावर यायला हवं. "फुटपाथची कड ही माझी वाट आहे. काठी तिला लावून मी चालते. तुम्ही ती घालवून सगळं सपाट केलंत, की फुटपाथ कुठे संपला आणि गाड्या कुठे सुरू झाल्या ते मला कळायचा मार्गच राहात नाही. आणि सायकल तर ऐकूही येत नाही, नंदा, तू मागून येतेस तेव्हा मला वाऱ्यावरून कळतं." जपानच्या सेईइची मियाके यांनी उठावदार फरशी शोधली, ती १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवली गेली. लांब पट्ट्या म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब. "इतकी साधी गोष्ट. पण ठिपके सापडले की त्यांच्यावर हमखास कोणाची तरी दुचाकी उभी असते." नंदाने नकळत मागे वळून आपली सायकल कुठे लावलीय ते बघितलं.

एवढं झाल्यावर अण्णांनी मिलिंदला सहज विचारावं तसं विचारलं, "तू त्या मुख्य रस्त्याने जातोस, तो कशाला? तिथे काम असतं तुझं?"

"छे! तिथे कोण थांबतंय? पलीकडे जायचं असतं."

"म्हणजे तू माझं गिऱ्हाईकच नाहीस!" सलीमभाई उडालेच. "आणि मी मघापासून तुझ्या बाजूने भांडतोय."

खरं भांडण गाडी विरुद्ध सायकल असं नाहीच, असं मला वाटतं ते इथेच. एक येणारा असतो आणि एक नुसताच जाणारा. दोघं एकाच लेनमध्ये एकामागे एक उभे असल्यामुळे आपण दोघांनाही वाहनचालक म्हणून मोकळे होतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने १९७७ साली हा फरक ओळखला. शहराचा मध्यभाग चार भागांत वाटला आणि एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जायची सोय काढून टाकली. कुठल्याही दुकानापर्यंत, घरापर्यंत गाडी येते. पण शेजारच्या भागात जायचं तर बाहेरच्या वळणरस्त्यावर येऊन तिकडून आत शिरायचं. पायी, सायकलने मात्र सरळ. बेल्जियमच्या गेंटने २०१७ मध्ये असंच केलं, तिथे भाग सहा. मोठं बांधकाम फारसं नाही, एकदिशा रस्ते फिरवले आणि मोक्याच्या ठिकाणी वाट अडवली.

सलीमभाईंना हे आवडलं, टेम्पो दारात येतोय म्हटल्यावर. विद्यालाही चाललं, कारण टॅक्सी दारापर्यंत येणार. मिलिंदला अर्थातच नाही.

"म्हणजे सगळा धूर आणि हॉर्न वळणरस्त्यावर. तिथे माणसं राहात नाहीत का? तिथली भाडी कमी, म्हणून तिथलेच लोक सोसणार."

याला आमच्यापैकी कोणाकडेच सरळ उत्तर नव्हतं. सगळ्या गाड्या वळणरस्त्यावर जात नाहीत, काही फेऱ्या होतच नाहीत किंवा बसने होतात, असं मी म्हणालो; पण काही जातातच, आणि तिथल्या माणसाला टक्केवारी सांगून काय उपयोग? मी स्टॉकहोमचा दाखला दिला. तिथे २००६ मध्ये मध्यभागात शिरायला आणि बाहेर पडायला सात महिने प्रायोगिक शुल्क लावलं. हद्द ओलांडणाऱ्या गाड्या सुमारे पाचव्या हिश्शाने घटल्या, आधी विरोधात असलेल्या शहराने सार्वमतात बाजूने कौल दिला, आणि २००७ पासून ते कायम झालं.

"पैसेवाला जाईल, मी फिरून जाईन," मिलिंद म्हणाला. हाही मुद्दा नीटच होता. पण आधी करून बघा, मग विचारा, ही पद्धत मात्र त्याला मान्य झाली. रंग, प्लास्टिकचे खांब आणि कुंड्या, नाही जमलं तर उचला. "पण आधी मला सांगा, माझ्यासारखे आरपारवाले किती आहेत? सगळे हवेत बोलताय."

अण्णांकडे त्याचीही जुनी पद्धत होती. रस्त्याच्या दोन टोकांना माणसं उभी करायची, गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. नुसतं पार व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तोच नंबर दुसऱ्या टोकाला दिसला, तर ती गाडी थांबली नाही. बाकीच्या येणाऱ्या.

मग कधी मोजायचं यावर नव्याने जुंपली. सलीमभाईंना शनिवारची संध्याकाळ हवी, मिलिंदला सोमवारची सकाळ. नंदा म्हणाली, चालणारे आणि सायकलीही त्याच वहीत हव्यात, नाहीतर शेवटी पुन्हा गाड्याच मोजल्या जातील. अण्णांनी दोन्ही वेळा ठरवून टाकल्या आणि विद्याने वेळ पुकारायचं काम आपल्याकडे घेतलं.

"आणि माझीच गाडी दोन्ही टोकांना सापडली तर?" मिलिंदने विचारलं.

"लिहायची," सलीमभाई म्हणाले. "मी स्वतः लिहीन."