गाडीने लावलेले दिवे

स्वारगेटच्या सिग्नलला समोरचा दिवा लाल झाला, मी गियर काढून थांबलो, आणि डॅशबोर्डवर आणखी एक तांबडा ठिपका मिणमिणायला लागला. सिग्नल सुटला, मी ॲक्सिलरेटर दाबला, तसा ठिपका गायब. पुढच्या सिग्नलला पुन्हा हजर. मे महिना, दुपारचे दोन, आणि घरी पोचेपर्यंत प्रत्येक चौकात दोन-दोन लाल दिवे. एक ट्रॅफिकचा, एक ऑइल प्रेशरचा. पहिला मोडला तर काय होतं ते मला अनुभवाने माहीत होतं. दुसरा मोडला तर काय होतं, ते संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीने सांगितलं.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. 1987 ची प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसीचं इंजिन, गियरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढचं सीट बाकासारखं सलग. 2023 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतल्या शेवटच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून उतरल्या, तेव्हा अण्णांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं आणि नात्यातलं कुणी गेल्यासारखे दिवसभर गप्प होते. संध्याकाळी खाली जाऊन त्यांनी आपली गाडी मात्र पुसून घेतली.

या गाडीबद्दल अण्णांचं एक ठरलेलं वाक्य आहे : "आपलं इंजिन तेल खात नाही." दर रविवारी सकाळी चहाच्या आधी ते फाटक्या बनियनचा तुकडा घेऊन खाली जातात, ऑइलची पट्टी उपसतात, पुसतात, पुन्हा बुडवतात आणि उजेडात धरून बघतात. वरच्या खुणेला टेकलेलं तेल बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते माझा दहावीचा निकाल बघूनही आलं नव्हतं. एप्रिलमध्ये तर तेल खुणेच्या वर दिसत होतं. "बघ," अण्णा म्हणाले, "खाणं सोडच, वाढतंय." दुभतं जनावर दारात असल्याच्या थाटात आम्ही दोघं वर आलो. यात काही विचार करण्यासारखं आहे असं एकालाही वाटलं नाही.

तर दिवा. वरच्या मजल्यावरच्या काकांनी बाल्कनीतूनच निदान केलं : "बेअरिंग गेली. इंजिन उतरवा." काका बँकेत होते. मेहुणा फोनवर म्हणाला, ऑइल पंप. ऑफिसातल्या एकाने चेंबरमधली, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातली, जाळी चोंदली असणार असं सांगितलं, दुसऱ्याने गाडी विका म्हणून सांगितलं. खरं तर यातलं एकही कारण अशक्य नव्हतं. गंमत ही की सगळे ऐकून, आठवून किंवा माझ्या चेहऱ्याकडे बघून बोलत होते. प्रेशर नक्की किती आहे, हे मोजावं असं कुणीच म्हणत नव्हतं. साध्या तापालाही आपण आधी थर्मामीटर लावतो. इथे एकदम ऑपरेशनची तारीख.

मग कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन. त्याने बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "झालं साहेब. पन्नास द्या." दिवा खरंच गेला. चार दिवस सिग्नलला एकच लाल दिवा. अण्णांनी त्या मुलाचं इतकं कौतुक केलं की मला माझ्या शिक्षणाची लाज वाटायला लागली.

पाचव्या दिवशी, निव्वळ बायको म्हणाली म्हणून ("अहो, एवढा बोभाटा झाला आणि पन्नास रुपयांत मिटला?"), गाडी जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. म्हणाले, "किल्ली फिरवा. स्टार्ट नका करू." मी फिरवली.

"दिवा लागला?"

"नाही! गेला ना तो."

"इंजिन बंद असताना लागायलाच पाहिजे, साहेब. पंप फिरत नाही तर प्रेशर कुठलं?"

मग त्यांनी बॉनेट उघडून ऑइल स्विचपाशी बोट नेलं. वायर काढून, टोकाला काळी टेप गुंडाळून, नीट बाजूला वळवून ठेवलेली होती. काम मात्र सफाईदार.

दिवा नुसता हो किंवा नाही एवढंच सांगतो. प्रेशर साधारण पाच-सात पाउंडांच्या खाली गेलं की असा स्विच दिवा लावतो, आणि कधी स्विचच खोटं बोलतो. म्हणून त्याच्या जागी खरा गेज लावायचा. मिस्त्रींकडे गेज होता, पण त्याचे आटे बसेनात. मी नाना पेठेत तीन दुकानं पालथी घातली आणि शेवटी एका लेथवाल्याकडून पितळेचा निपल वळवून घेतला. तो वळत असताना मला पहिल्यांदाच वाटलं, की आपण काहीतरी शास्त्रीय करतोय.

थंड इंजिन स्टार्ट केलं, काटा पंचेचाळीसवर. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू काटा त्यांनीच चढवला. मग कात्रजपर्यंत जाऊन आलो. इंजिन तापलं, स्लोवर ठेवलं, काटा उतरत उतरत पाचावर येऊन थरथरला. जरा रेस दिली की वर. म्हणजे स्विच बिचारा खरंच बोलत होता.

"पंप प्रेशर बनवत नाही," मिस्त्री हात पुसत म्हणाले, "तो फक्त तेल ढकलतो. तुमच्या सोसायटीत मोटर चालू आहे, पण सगळ्यांनी नळ उघडे टाकले तर वरच्या मजल्यावर पाणी चढेल का? बेअरिंग झिजलं म्हणजे नळ उघडा राहिला. तेल पातळ झालं तरी तेच, नळ न उघडता गळती."

"मग आपले नळ की गळती?"

त्यांनी उत्तर दिलं नाही. पट्टी उपसली, तेलाचा थेंब चिमटीत धरून बोटं उघडली-मिटली. तार धरली नाही, पाण्यासारखं ओघळलं. मग त्यांनी ती पट्टी अण्णांच्या नाकासमोर धरली.

37 वर्षांत अण्णांनी ती पट्टी हजारदा पाहिली असेल. वास एकदाही घेतला नव्हता.

"पेट्रोल," अण्णा हळूच म्हणाले.

या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनच्या अंगालाच बोल्टने बसवलेला असतो, कॅमशाफ्टवर चालतो, आणि त्याच्या पोटात रबरी डायफ्राम असतो. तो फाटला होता. पेट्रोलची धार गुपचूप चेंबरमध्ये चालली होती. तेल पातळ होत होतं, आणि पट्टीवर वाढतही होतं. दोन महिने ॲव्हरेज पडलं म्हणून आम्ही ज्या पेट्रोल पंपवाल्यांना शिव्या घालत होतो, त्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. मिस्त्रींनी शेजारी बिडी पेटवायच्या बेतात असलेल्या गिऱ्हाइकाला आधी रस्त्यापलीकडे घालवलं, मगच चेंबर रिकामा केला.

नवा डायफ्राम, नवा फिल्टर, ताजं 20 डब्ल्यू 40 तेल. गरम इंजिन, स्लोवर, पंधरा पाउंड. एवढ्या वयाच्या इंजिनला भरपूर. इंजिन उतरवायचा खर्च वाचला म्हणून अण्णांनी अर्धा किलो पेढे आणले, काकांनाही दिले. काकांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, बेअरिंग बघून घ्याच.

आता खरी पंचाईत पुढे आहे. दोन-तीन रविवार गेले आणि पट्टीवरचं तेल खुणेच्या खाली दिसायला लागलं. मिस्त्रींना विचारलं तर ते हसले. "तेल ती आधीही खात होती, साहेब. जेवढं खायची तेवढं पेट्रोल येऊन भरायचं. म्हणून कळत नव्हतं." हे अण्णांना कसं सांगायचं, यावर मी आठवडाभर विचार केला. दिवसा शब्द जुळवले आणि रात्री मोडले.

सांगावं लागलं नाही. परवा शनिवारी रात्री अकरा वाजता कचरा टाकायला खाली गेलो, तर पार्किंगमध्ये बॅटरीचा उजेड. बॉनेट वर, आणि अण्णा, घरातलं रॉकेलचं जुनं नरसाळं लावून, आवाज न करता तेल ओतत होते. मी आल्या पावली परत फिरलो.

रविवारी सकाळी त्यांनी मला खाली बोलावलं, पट्टी उपसली, वास घेतला, मलाही दिला, आणि उजेडात धरली. बरोबर वरच्या खुणेवर.