प्रतिक्रियेला उत्तर : ते रंग खोटे नाहीत

ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरणाऱ्या तेजोमेघांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. क्रॅब नेब्युला या तेजोमेघाबद्दलचा एक आकडा चुकला आहे. मथळ्यातला 'निखारे' हा शब्द चुकीचा आहे, कारण हे अवशेष उरलेल्या उष्णतेवर तेजाळत नाहीत. आणि तिसरा तुमच्याच शब्दांत : "फोटोंमधले रंग खोटे आहेत, डोळ्यांना हे सगळं राखाडी दिसतं, आणि हे न सांगता फोटो छापणं म्हणजे वाचकांची शुद्ध फसवणूक."

आधी आकडा. तिथे तुमचं बरोबर, चूक माझी. १०५४ साली वृषभेत दिसलेला तो नवा तारा, म्हणजे ज्या स्फोटातून क्रॅब बनला तो, 'तेवीस रात्री' दिसल्याचं मी लिहिलं होतं. चिनी नोंदींनुसार तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री जवळजवळ दोन वर्षं. दुरुस्ती केली आहे. आभार.

'निखारे' या शब्दावर वेळ घालवत नाही. स्फोटाचा धक्का भोवतालच्या वायूवर आदळतो आणि त्याने तो तापतो, हे लेखात लिहिलंय. मथळा म्हणजे पाठ्यपुस्तकातली व्याख्या नव्हे.

आता 'फसवणूक'. हा शब्द टाइप करताना क्षणभर तरी थांबलात का? तुम्ही 'खुलासा हवा होता' म्हणाला असतात तर मी दोन ओळींत उत्तर दिलं असतं. फसवणूक म्हणजे खरं माहीत असताना मुद्दाम खोटं गळी उतरवणं. ज्याला तुम्ही ओळखत नाही, त्याच्यावर इतका मोठा आरोप इतक्या सहज करता येतो?

गेली १९ वर्षं मी दुर्बिणीला डोळा लावून बसतोय. हंस तारकासमूहातला व्हेल (Veil) नेब्युला, दहा ते वीस हजार वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष, मला पहिली दोन वर्षं दिसलाच नाही. ५२ सिग्नी हा तारा समोर असायचा आणि त्याच्या शेजारी नुसता अंधार. मग एका मित्राने ओ-थ्री फिल्टर, म्हणजे फक्त ऑक्सिजनचा प्रकाश आत सोडणारी काच, दिला. आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, तळाला आटे फिरवून तो बसवला, काचेवर वाफ धरू नये म्हणून श्वास रोखला, नजर जराशी बाजूला नेली, आणि त्या ताऱ्याला चाटून जाणारा एक बारीक दोरा हळूहळू उमटला. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला उसवलेला. राखाडी. होय, राखाडीच. वहीत मी तो पेन्सिलीनेच काढला आणि कडा अंगठ्याने पुसट केल्या. ते पान अजून माझ्याकडे आहे. तेव्हा डोळ्यांना काय दिसतं हे निदान मला तरी शिकवू नका.

पण राखाडी दिसतो म्हणून तो राखाडी असतो का? अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या फक्त दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग ओळखता येत नाहीत. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना जास्त उजेड लागतो. उणीव डोळ्यांत आहे, तेजोमेघात नाही. तिथला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला गडद लाल प्रकाश देतो, ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला हिरवट निळा. वर्णपटात या रेषा ठसठशीत दिसतात. ज्याला चष्म्याशिवाय अक्षर पुसट दिसतं, त्याने छापखान्यावर खटला भरायचा नसतो.

लेखातला व्हेलचा फोटो मी स्वतः काढला आहे. हायड्रोजनच्या फिल्टरमधून आणि ऑक्सिजनच्या फिल्टरमधून, पाच-पाच मिनिटांच्या फ्रेम, तीन रात्री. प्रत्येक फ्रेम काळी-पांढरीच येते. हायड्रोजनची लाल चॅनेलला दिली, ऑक्सिजनची हिरव्या आणि निळ्याला. म्हणजे जो वायू ज्या रंगाने चमकतो, जवळजवळ तोच रंग त्याला दिला. यात खोटं काय, ते मला दाखवा.

हबल अवकाश दुर्बिणीच्या क्रॅबच्या फोटोत मात्र तसं नाही. तिथे दोनदा आयनीभूत झालेल्या, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, ऑक्सिजनला लाल रंग दिला आहे, गंधकाला हिरवा. हा मुद्दा तुम्ही काढला असतात तर तो पटण्यासारखा होता. तुम्ही तो काढला नाहीत, कारण तुम्हाला फोटो कसा बनतो यापेक्षा 'फसवणूक' म्हणण्यात जास्त रस होता.

आणि कॅसिओपिया ए? ११,००० प्रकाशवर्षांवरच्या या अवशेषाचं चंद्रा दुर्बिणीने घेतलेलं चित्र एक्स-रेंचं आहे. एक्स-रे कुणालाच दिसत नाहीत, मग त्यांचा 'खरा' रंग कोणता धरायचा? त्यात सिलिकॉन लाल, गंधक पिवळं, कॅल्शियम हिरवं आणि लोह जांभळं दाखवलंय. लोह ताऱ्याच्या सर्वांत आतल्या भागात तयार होतं, तरी चित्रात काही ठिकाणी जांभळा भाग लाल भागाच्या बाहेर गेलेला दिसतो. म्हणजे स्फोटात आतलं बाहेर फेकलं गेलं, तारा तिथे अक्षरशः उलटा झाला. मी पहिल्यांदा हे चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ खुर्चीतून उठलो नव्हतो. सगळं राखाडीत छापलं असतं तर लोह कुठलं आणि सिलिकॉन कुठलं, हे तुम्ही तरी कसं ओळखलं असतं?

फोटोंखाली फिल्टरांची नावं आणि कोणत्या मूलद्रव्याला कोणता रंग दिला, हे आज सकाळी टाकलं आहे. पण ते तुमच्या प्रतिक्रियेमुळे नव्हे. तुमच्याच खाली एका वाचक ताईंनी 'हे रंग कसे येतात, जरा सांगाल का?' असं विचारलं होतं, त्यांच्यासाठी टाकलं.