हत्ती गेला, शेपूट राहिलं

माझ्या अंगात दानत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी पेनसुद्धा टोपण स्वतःकडे ठेवून देतो. अशा माणसाने टॉरेंटच्या वाटेला जाऊच नये. पण माळ्यावरून एक म्हातारा लॅपटॉप खाली आला आणि मी गेलो.

लॅपटॉपचं बटण दाबून आंघोळीला गेलं, तर आंघोळ आटोपून येईपर्यंत तो जेमतेम डोळे उघडायचा. भाचा म्हणाला, "मामा, यावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाक, पळायला लागेल. फक्त याचा प्रोसेसर ३२ बिटचा आहे, नवीन चालणार नाही. जुनी आवृत्ती शोध." शोधली. प्रकल्पाच्या अधिकृत साइटवर सापडलीही. पण थेट डाउनलोडची लिंक कधीच वारली होती आणि तिच्याखाली बारीक अक्षरांत एकच शब्द उरला होता: टॉरेंट.

हा शब्द मी आजवर दबक्या आवाजातच ऐकला होता. 'टॉरेंटवरून काढलं' असं सांगताना लोक आधी दाराकडे बघतात. भाच्याने धीर दिला. टॉरेंट ही फक्त वाट आहे, तिच्यावरून कुणी काय नेतं तो ज्याचा त्याचा प्रश्न; उबुंटू, डेबियनसारखे लिनक्सवाले आणि लिब्रेऑफिस आपल्या फाइली राजरोस टॉरेंटने वाटतात, इंटरनेट आर्काइव्ह नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही २०१२ पासून वाटतंय. माल सोवळ्यातला आहे म्हटल्यावर मी छाती काढून क्लिक केलं.

आणि काय सांगू, एका सेकंदात फाइल हजर! साइटवर दीड जीबी लिहिलं होतं, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरलं. मी लगेच भाच्याला फोन लावला आणि या तंत्रज्ञानाची तोंड भरून स्तुती केली. तो शांतपणे म्हणाला, "मामा, किती केबीची आहे बघ." साठ-एक केबी होती.

"ती यादी आहे. सामान यायचंय अजून."

तर ते असं असतं. टॉरेंट फाइलमध्ये मूळ मालाचा कणही नसतो. फाइलीचं नाव, आकार, तिचे किती तुकडे केलेत, प्रत्येक तुकड्याची ओळखखूण काय आणि चौकशी कुठे करायची, एवढंच असतं. माझ्या दीड जीबीचे ५१२ केबीचा एक याप्रमाणे ३,०७२ तुकडे पाडलेले होते. प्रत्येकाची खूण २० बाइटची. म्हणजे त्या साठ केबीत जवळजवळ नुसत्या खुणाच. ही यादी वाचायला वेगळा प्रोग्रॅम लागतो, त्याला क्लायंट म्हणतात. तो शोधताना मी एका भल्यामोठ्या हिरव्या 'डाउनलोड' बटणाला भुललो आणि त्यातून काय काय आलं ते काढण्यात एक दिवस गेला, त्याबद्दल मी अधिक बोलू इच्छित नाही. क्यूबिटटॉरेंट किंवा ट्रान्समिशन, आणि तेही त्यांच्या स्वतःच्याच साइटवरून घ्या. जेवढं बटण मोठं तेवढं ते खोटं.

क्लायंट उघडला. पडद्यावर आकड्यांची जत्रा. ज्याच्याकडे सगळी फाइल आहे तो सीडर. ज्याची अजून पुरी व्हायचीय तो लीचर. लीच म्हणजे जळू! मी पाच मिनिटांपूर्वी आलेला सभ्य गृहस्थ, आणि यांनी मला जळवांत जमा केलं. हे सगळे मिळून जो घोळका होतो तो स्वॉर्म. आणि घोळक्यात कोण कोण आहे याची वही सांभाळणारा तो ट्रॅकर. स्वतःकडे एक तुकडा नाही, पण सगळ्यांचे पत्ते तोंडपाठ. अशी माणसं नात्यागोत्यात असतातच. कधी तर ट्रॅकरही लागत नाही. नुसती मॅग्नेट लिंक असली, म्हणजे चाळीस अक्षरी-आकडी एक खूण, तरी क्लायंट जगभरातल्या इतर क्लायंटांना विचारत सुटतो. ज्याला विचारावं त्याला ठाऊक नसतं, पण ज्याला ठाऊक असण्याचा संभव जास्त त्याचा पत्ता तो देतो. पुढचा आणखी पुढचा देतो. रस्ता विचारत विचारत माणूस बरोबर दारात पोचतो. याला डीएचटी म्हणतात आणि ते बिनचूक चालतं, हे मला आजही खरं वाटत नाही.

भाच्याला इतिहास सांगायची फार हौस. १९९९ साली नॅपस्टर आलं, त्यात गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवर असायची, पण कुणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. कोर्टाने तिथेच बोट ठेवलं आणि जुलै २००१मध्ये दुकान बंद झालं. त्याच महिन्यात ब्रॅम कोहेन नावाच्या माणसाने बिटटॉरेंट लोकांसमोर ठेवलं. त्याची गोम अशी, की एरवी एका सर्व्हरपुढे जितके जास्त गिऱ्हाईक तितकी रांग लांब. इथे जितके जास्त तितका वेग जास्त, कारण घेणारा प्रत्येकजण घेता घेताच देत असतो.

"देत असतो म्हणजे?" मी एकदम सावध झालो.

"म्हणजे तुझ्याकडे जे तुकडे आलेत, ते तू या क्षणी दुसऱ्यांना देतोयस."

मी पाहिलं. खरंच 'अपलोड' नावाखाली एक आकडा वाढत होता. मला न विचारता! फोन ठेवल्या ठेवल्या मी सेटिंग्ज उघडल्या, अपलोडची मर्यादा शोधली आणि तिथे ठणठणीत शून्य लिहिलं. देणं बंद.

अर्ध्या तासाने आतल्या खोलीतून बायकोचा आवाज आला. "अहो, आई हलत नाहीये!" मी धावलो. सासूबाई व्हिडिओ कॉलवर तोंड उघडं ठेवून थिजल्या होत्या. घरातलं सगळं इंटरनेट गचके खात होतं, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप ते माझं डाउनलोडही बसलं होतं. भाच्याने फोनवरच निदान केलं. या प्रोग्रॅममध्ये शून्य म्हणजे 'काही देऊ नका' नव्हे. शून्य म्हणजे 'मर्यादाच नाही'. आयुष्यात पहिल्यांदा मी मुक्तहस्ते दान करत होतो, आणि तेही कंजूषपणा करायला जाऊन. बहुतेक घरांत अपलोडची वाट मुळात अरुंद. डाउनलोड करतानाही 'मिळालं, मिळालं' अशा पावत्या त्याच वाटेने उलट पाठवाव्या लागतात. वाट तुंबली की पावत्या अडकतात, आणि पावती पोचली नाही की समोरचा पुढचा माल सोडायला आढेवेढे घेतो.

मग मी शून्याच्या जागी एक घातला. सेकंदाला एक केबी. कायद्याने देणं, पण मनापासून नाही.

आता सासूबाई हलू लागल्या, पण फाइल मुंगीच्या पावलांनी चालायला लागली. इथे मला कळलं, की कोहेनने माझ्यासारख्यांचा विचार आधीच करून ठेवलाय. घोळक्यातला प्रत्येक क्लायंट मनात हिशेब ठेवतो. ज्यांच्याकडून जास्त मिळतं अशा मोजक्या जणांना, मूळ पद्धतीत चौघांना, तो देतो. बाकीच्यांना वाटाण्याच्या अक्षता. दर दहा सेकंदांनी हा हिशेब पुन्हा तपासला जातो. दहा सेकंदांनी! माझ्या माहेरवाशीण आत्यासुद्धा कोणी काय दिलं याची उजळणी वर्षातून एकदाच करतात. मात्र दर तीस सेकंदांनी एखाद्या भलत्यालाच, त्याने काही दिलेलं नसताना, एक संधी मिळते. नाहीतर नवा माणूस रिकाम्या हातांनी सुरुवात करणार कशी? मी त्या तीस सेकंदांच्या कृपेवर जगत होतो. शेवटी लाज वाटून म्हणा किंवा कंटाळून म्हणा, मी अपलोडला आमच्या लाइनच्या कमाल वेगाच्या पाऊण हिश्शाची मर्यादा घातली. डाउनलोडने लगेच उचल खाल्ली.

एक सांगायचं राहिलं. तुकडे क्रमाने येत नाहीत. नकाशा उघडून पाहिला तर कसर लागलेल्या कापडासारखा दिसत होता. घोळक्यात जो तुकडा सगळ्यात कमी लोकांकडे आहे तो आधी मागायचा, असा नियम. कारण त्याचा धनी उठून गेला तर तो तुकडाच गेला. आलेला प्रत्येक तुकडा यादीतल्या खुणेशी ताडून बघतात, जुळला नाही तर फेकून पुन्हा मागवतात. त्यामुळे अनोळखी माणसाकडून घेतलेलं खोटं निघत नाही. यादीच लबाडाने केलेली असेल तर मात्र खोटा माल अगदी खात्रीने, तुकडा न् तुकडा तपासून घरी येतो. शिवाय घोळक्यातल्या सगळ्यांना सगळ्यांचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवरचे ठावठिकाणे, दिसतात. ज्यांचा माल सोवळ्यातला नसतो ते पकडले गेले की 'मी नुसतं घेतलं' म्हणतात, तेही खरं नसतं. घेता घेता त्यांनी वाटलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी रात्री माझी फाइल ९९.९ टक्क्यांवर आली आणि घोडं तिथेच पेंड खायला लागलं.

३,०७२ पैकी ३,०६९ तुकडे आले होते. तीन राहिले होते. एकुलता एक सीडर गायब झाला होता. घोळक्यात माझ्याखेरीज सात जण होते आणि सातही जण ९९.९ वर. होणारच, एकाकडे एखादा जास्तीचा तुकडा असता तर तो घटकाभरात सगळ्यांकडे पोचला असता. आम्हा सर्वांकडे तेच ३,०६९ होते आणि सर्वांना तेच तीन हवे होते. 'उपलब्धता' नावाच्या रकान्यात ०.९९९ लिहिलेलं, म्हणजे या घडीला घोळक्यात सगळ्यांचं मिळून एक धड सबंध फाइलही होत नाही. आठ जण एकमेकांकडे तोंड करून बसलेले, आणि कुणाकडे काही नाही.

या दिवसांत माझी तहानभूक हरपली. मध्यरात्री उठून मी कॉम्प्युटर बघायचो. दीड जीबीच्या फाइलीला दीड एमबी कमी पडल्याने काय बिघडतं, असं समजून ती तशीच वापरून पाहिली, सगळं बिघडतं. त्या सीडरबद्दल माझ्या मनात काय काय आलं! आजारी असेल. बायकोने मशीन बंद करायला लावलं असेल. मी त्याच्यासाठी चक्क प्रार्थना केली. ज्याचं नाव माहीत नाही, देश माहीत नाही, अशा माणसाच्या प्रकृतीची इतकी काळजी मी सख्ख्या भावाचीही केलेली नाही.

"अहो, कोण आजारी आहे?" बायकोने विचारलं.

"सीडर."

ती काही बोलली नाही. तिने फक्त भाच्याला फोन केला.

बाराव्या दिवशी पहाटे तो आला. मी पाणी प्यायला उठलो होतो. सीडर: १. बघता बघता तीन तुकडे उतरले, पट्टी हिरवी झाली, आणि पाहतो तो बाकीचे सातही जण एकामागून एक शंभरावर. त्यानंतर पाच मिनिटांत ते सात जण पसार झाले. ना राम राम, ना श्याम श्याम. दुपारपर्यंत तो भला सीडरही गेला. माझं डाउनलोड झालेलं होतं. मीही बंद करणारच होतो. माउस 'बाहेर पडा'वर नेलाही होता.

तेवढ्यात यादीत एक नवीन ओळ आली. ०.० टक्के.

घोळक्यात आता दोघेच. सगळी फाइल असलेला एक, आणि कोऱ्या पाटीचा एक. सीडरच्या रकान्यात जो '१' दिसत असेल तो मी होतो. मी माउस सोडला.

त्याची लाइन भयंकर हळू. चार दिवस हेच चाललं. घरात लाइट गेली की मला त्याची आठवण यायची. बायकोने "अहो, बंद करा ना ते, रात्रभर घरघरतं" म्हटल्यावर मी पडदा तेवढा बंद करायचो. लॅपटॉपवर लिनक्स टाकून झालं, तो खरोखर पळायला लागला, आणि भाचाच तो घेऊन गेला. माझं त्याच्याकडे फारसं लक्षच नव्हतं. माझा रेशो ०.९ वर आला होता. घेतलं त्याच्या नऊदशांश परत दिलं! आमच्या घराण्यात हा उच्चांक असावा.

काल रात्री साडेअकराला तो ९९.९ टक्क्यांवर पोचला. मी खुर्ची पुढे ओढून बसलो. आणि त्याने मशीन बंद केलं.

आज दिवसभर तो आलेला नाही. माझा कॉम्प्युटर चालू आहे.