राउटर सोप्यात, भिंत मध्ये

आमचं बेळगावच्या शहापुरातलं घर आजोबांनी बांधलं. दीड हात जाडीच्या भिंती बांधताना त्यांनी चोर आणि पाऊस यांचा विचार केला होता, वायफायचा नाही. त्यामुळे राउटर सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, आणि नेटही सोप्यातच. माजघरात एक दांडी, स्वयंपाकघरात नुसतं फिरणारं चक्र.

धाकटा म्हणाला, "बाबा, २.४ वर काय बसलाय? ५ गिगाहर्ट्झवर जाऊया की." गेलो. वेग झकास, पण भिंत लागली की ही लहर बसकण मारते. माजघरात आईची मालिका बंद पडली आणि आई अडकित्त्यासकट सोप्यात आली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्यामागे सुपारी कातरल्याचा आवाज यायला लागल्यावर मुकाट २.४ वर परतलो. ती भिंत कशीबशी ओलांडते, पण बायकोनं मायक्रोवेव्ह लावला की अडखळते. दोघांची फ्रिक्वेन्सी जवळपास एकच. दूध की मीटिंग, असा प्रश्न आला की आमच्याकडे दूध जिंकतं.

पावसाळ्यात तर विचारू नका. लाईट एकदाच गेली तर माणूस गप झोपेल तरी. आमची नुसती डोळा मिचकावते. राउटर बिचारा पहिल्यापासून उठतो, एकेक दिवा लावत इंटरनेटपर्यंत पोचतो, तेवढ्यात पुन्हा मिचकावते. म्हणून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणला. आता लाईट गेली तरी राउटर ऐटीत चालू आणि एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लालभडक. नेटवाल्यांना फोन केला तर, "सर, आमच्याकडंच करंट नाही."

शेवटी माणूस आला. स्क्रूड्रायव्हरनं भिंत ठोकून म्हणाला, "काय हो ही! किल्ल्याचीच म्हणायची की. होल मारून केबल आत घेऊया, माजघरात दुसरा राउटर लावू."

"देवाच्या कोनाड्याला हात लावायचा नाही," आतून आई.

कोनाडा सोडून होल मारलं. ड्रिलचं बिट भिंतीच्या निम्म्यातच संपलं. "नाळे बर्तीन्‌री, मोठं बिट घेऊन," म्हणजे उद्या येतो, असं कानडीत म्हणून गाडीला किक मारली, ती मारलीच. फोन उचलतो, 'निघालोच' म्हणतो.

भोकावर आईनं कॅलेंडर टांगलंय. लोंबणारी केबल या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणून बांधली, आणि पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून तिच्यावर माझे मोजे घातलेत.