कोरबुटची उडी खरी, खालचा मजकूर भेसळीचा

म्युनिक ऑलिम्पिकमधली (१९७२) जिम्नॅस्ट ओल्गा कोरबुटची जुनी चित्रफीत पुन्हा फिरतेय. खाली ठरलेला मजकूर: ‘रशियाची १३ वर्षांची मुलगी, पैकीच्या पैकी १० गुण. ही उडी परत कुणालाच जमली नाही. एक मुलगी ती करताना कायमची लुळी पडली, म्हणून बंदी आली.’

वयाचं आधी उरकू. कोरबुट तेव्हा १७ वर्षांची होती आणि गाव बेलारूसमधलं ग्रोद्नो.

आता ते १० गुण. बारच्या (एक वर, एक खाली अशा दोन आडव्या दांड्या) अंतिम फेरीत तिला मिळाले ९.८०. आकडा दिसताच प्रेक्षकांनी हुर्यो उडवून स्पर्धा अडवून धरली, पंच ढिम्म. सुवर्ण पूर्व जर्मनीच्या कारिन यान्त्सला गेलं. कोरबुटला रौप्य, तेही एरिका झुखोल्डबरोबर विभागून. ऑलिम्पिकच्या महिला जिम्नॅस्टिक्समधला पहिला १० रोमानियाच्या नादिया कोमानेचीचा, १९७६ सालचा. त्याच म्युनिकमध्ये, सर्वसाधारण विजेतेपदाच्या फेरीत (यात सगळ्या प्रकारांचे गुण एकत्र धरतात), याच बारवर कोरबुटचे पाय सुरुवातीलाच गादीला घासले, लय बिघडली ती बिघडलीच. गुण ७.५. मग बाकावर बसून ढसाढसा रडली. ही फीत कुणी पुढे पाठवत नाही. मला विचाराल तर तीच जास्त बघण्यासारखी आहे.

बंदीचं म्हणाल तर फीत जरा हळू चालवा. ती वरच्या बारवर उभी राहते, मागे झेपावते, हवेत उलटी कोलांटी घेऊन तोच बार पकडते. झोक्यात खाली येते तेव्हा पोट खालच्या बारवर आदळतं आणि अंग त्याच्याभोवती दुमडतं. बार तेव्हा इतके जवळ असायचे. पुढे ते लांब गेले आणि हे पोटावरचं दुमडणं संपलं. उडी धोक्याची होती, कबूल. पण नियमात मनाई आहे ती वरच्या बारवर पायांनी उभं राहण्याला. उभंच राहायचं नाही म्हटल्यावर ही उडी घेणार कुठून?

राहिली ती ‘लुळी पडलेली मुलगी’. ती येलेना मुखिना, १९७८ची जगज्जेती. जी उडी म्हणे कुणालाच जमली नाही, तिच्यात मुखिनाने पूर्ण गिरकी घालून ती आणखी अवघड केली होती. तिचा अपघात झाला ३ जुलै १९८० रोजी, मिन्स्कमध्ये, मॉस्को ऑलिम्पिकला दोन आठवडे उरले असताना. पायाचं जुनं दुखणं पुरतं बरं झालेलं नव्हतं. थॉमस साल्टो या गिरकीसह घ्यायच्या कोलांटीचा सराव चालू होता. त्यात पायांवर उतरायचं नसतं, हवेतूनच पुढे लोळण घ्यायची असते. उंची कमी पडली आणि ती हनुवटीवर आपटली. फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीत. बारचा तिथे संबंधच नव्हता.