‘शेक संपले की तीन महिन्यांत सगळं ठीक’: प्रोस्टेटच्या रेडिएशनवरच्या मेसेजला उत्तर

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेतलेला माणूस घरात असेल, तर हा मेसेज बहुधा तुमच्याकडेही आला असेल. शब्द बदलतात, मजकूर तोच. शेक संपले की तीन महिन्यांत शरीर पूर्ववत होतं, पुढचं जे काही ते वयाचं. संडासातून रक्त गेलं तर ती मूळव्याध, तिचा इलाज करा. लघवी सारखी होत असेल तर पाणी तोडा. पोट बिघडलं तर सालीसकट फळं आणि कच्च्या कोशिंबिरी खा. किरणं अंगात उरतात, नातवंडांना मांडीवर घेऊ नका. आणि ‘ताकद’ गेली असेल तर मेडिकलमधून गोळी आणा. यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे, बाकीची बहुतेक चुकीची आहेत, आणि मूळव्याधीचं व गोळीचं ही दोन जिवावर बेतू शकतात.

तीन महिन्यांचं आधी पाहू. शेक चालू असताना होणारी जळजळ, पातळ संडास, घाईची लघवी हे त्रास आतड्याच्या आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला झालेल्या इजेमुळे होतात. अस्तराच्या पेशी भराभर नव्या तयार होतात, म्हणून शेक संपल्यावर महिना-दोन महिन्यांत बहुतेकांना आराम पडतो. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण उशिराच्या त्रासाची जात वेगळी. किरणांनी बारीक रक्तवाहिन्यांना आतून इजा झालेली असते. त्या हळूहळू अरुंद होतात, तिथला रक्तपुरवठा घटतो, मऊ भाग घट्ट व चिवट बनतो, आणि वरच्या थरावर पातळ भिंतीच्या, जरा घासलं की फुटणाऱ्या नव्या वाहिन्या उगवतात. याला वेळ लागतो. म्हणूनच कॅन्सरचे डॉक्टर ९० दिवसांनंतरच्या त्रासाला ‘उशिराचा’ म्हणतात. मेसेज जिथे खातं बंद करतो, तिथे हे दुसरं खातं उघडतं. गुदाशयाचा त्रास बहुतेक वेळा सहा महिने ते तीन वर्षांत दिसतो. मूत्राशयातून रक्त तर पाच-दहा वर्षांनीही येऊ शकतं.

डोस (तो ‘ग्रे’ या मापात मोजतात) ६० ग्रे, २० शेकांत असो की ७८ ग्रे, ३९ शेकांत, अडचण तीच. गुदाशयाची समोरची भिंत प्रोस्टेटला चिकटूनच असते, मूत्राशयाचं तोंडही तिथेच. नव्या यंत्रांनी किरणं नेमकी टाकता येतात, तरी या दोन जागांना डोस पूर्ण चुकवता येत नाही. तीव्र त्रास थोड्यांनाच होतो हेही इथेच सांगायला हवं, नाहीतर हा लेखही त्या मेसेजसारखाच घाबरवणारा ठरेल.

आता रक्त. शेकांनंतर वर्ष-दीड वर्षाने संडासाला लाल रक्त दिसतं. दुखत नाही. मूळव्याधीचंही असंच लाल आणि न दुखणारं असतं, त्यामुळे नुसतं बघून दोन्हींत फरक करता येत नाही. शिवाय या वयात आतड्याचा कॅन्सरही असू शकतो, आणि रेडिएशननंतर अनेक वर्षांनी त्याचा धोका किंचित वाढतो. म्हणून दुर्बिणीतून तपासणी हवीच. किरणांमुळेच रक्त जात असेल तर समोरच्या भिंतीवर, फिक्या पडलेल्या अस्तरावर, लाल कोळिष्टकासारखं जाळं दिसतं.

खरा घोळ इथून पुढे होतो. दुर्बीण करणाऱ्याला शेकांची माहिती नसेल, तर तो त्या लाल भागाचा तुकडा तपासायला घेतो. रक्तपुरवठा आधीच कमी, त्यात जखम. ती भरत नाही, तिचा व्रण होतो, आणि काहींना गुदाशय व मूत्रमार्ग यांच्यात भोक पडून संडासाच्या वाटेने लघवी येऊ लागते. मूळव्याध समजून रबर बँड लावणं, इंजेक्शन देणं, क्षारसूत्र बांधणं यांतही हाच धोका. रस्त्यारस्त्यांवर ‘मूळव्याधीवर एका दिवसात इलाज’ असे फलक असतात. तिथे आत गेल्यावर शेकांबद्दल कोणी विचारेलच असं नाही. टेबलावर झोपण्याआधी आपणच सांगायचं: प्रोस्टेटला रेडिएशन झालंय, समोरच्या भिंतीचा तुकडा घेऊ नका, घेणं भागच असेल तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांशी बोला.

रक्त थोडं असेल, हिमोग्लोबिन टिकून असेल, तर अनेकदा संडास मऊ ठेवणं आणि वाट पाहणं एवढंच पुरतं. काळाबरोबर ते कमीही होतं. त्रास जास्त असेल तर सुक्रालफेटचा एनिमा देतात. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १९९१ साली तो स्टेरॉइडचा एनिमा अधिक तोंडाने सल्फासॅलझीन या उपचाराशी ताडून पाहिला होता, आणि सुक्रालफेट सरस ठरलं. पोटातल्या अल्सरवर देतात तेच हे औषध. मात्रा २ ग्रॅम, दिवसातून दोनदा, साधारण चार आठवडे. बाटलीवर ५ मिलीत किती औषध आहे ते वाचून तेवढं मोजायचं आणि ३० ते ५० मिली कोमट पाण्यात मिसळायचं. बाटली साध्या सुक्रालफेटची हवी, बधिर करणारं औषध मिसळलेली नको. दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेल्या असतात. संडासला जाऊन आल्यावर, मऊ नळीला वंगण लावून, डाव्या कुशीवर झोपून आत सोडायचं. मग एकदा पूर्ण कूस फिरवायची आणि शेवटी पोटावर पालथं पडून राहायचं. पाठीवर पडून राहिलं तर औषध मागच्या भिंतीवर जाऊन बसतं आणि रक्त येतं समोरून. ‘एनिमा घेतला, गुण आला नाही’ म्हणणाऱ्यांनी हे पालथं पडणं जमलं होतं का ते आधी पाहावं. पहिली वेळ तरी डॉक्टरांच्या किंवा नर्सच्या देखरेखीखाली करावी.

याने थांबलं नाही तर आर्गॉन वायूच्या झोताने त्या वाहिन्या जाळतात. उपाय चांगला आहे, पण जखम न भरण्याचा धोका इथेही आहे, म्हणून कमी शक्तीवर, थोडं थोडं, सरावलेल्या हातानेच. दाबाखालच्या ऑक्सिजनचाही खूप गाजावाजा होतो. ३० ते ४० वेळा बंद कक्षात बसावं लागतं आणि खर्च मोठा. मूत्राशयासाठी २०१९च्या एका चाचणीत फायदा दिसला. आतड्यासाठी २०१६च्या ब्रिटिश चाचणीत दिसला नाही. हृदयात स्टेंट असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या रक्त दिसलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

‘पाणी तोडा’ हा सल्ला उलटाच काम करतो. कमी पाण्याने लघवी गडद होते, ती आधीच हुळहुळ्या झालेल्या मूत्राशयाला झोंबते, घाई वाढते, वर संडासही घट्ट होतो. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास नसेल तर दिवसभरात दीड ते दोन लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्त, आणि झोपण्याच्या दोन-तीन तास आधीपासून घोट-दोन घोट. तोडायचाच असेल तर चहा तोडा. सकाळपासून पाच कप होत असतील तर दोनवर या.

मग तीन दिवसांची वही. मोजमापाचा प्लास्टिक मग बाथरूममध्ये ठेवायचा आणि प्रत्येक वेळी किती वाजले व किती मिली ते लिहायचं. दर तासाला ८०-१०० मिलीच होत असेल, तर आठवडाभर एक तासाऐवजी सव्वा तासाने जायचं, मग दीड तासाने. मध्येच कळ आली तर धावायचं नाही. धावताना पोटावर दाब येतो आणि तेव्हाच कपडे ओले होतात. उभं राहायचं किंवा खुर्चीच्या कडेवर बसायचं, वारा अडवताना आवळतो तो स्नायू पाच-सहा वेळा पटकन आवळायचा, कळ ओसरली की सावकाश चालत जायचं. याच स्नायूचा रोजचा व्यायाम म्हणजे ५ ते १० सेकंद आवळणं, तेवढीच विश्रांती, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. चालू लघवी अधेमधे थांबवून हा सराव करू नये. मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

यांतलं काहीही सुरू करण्याआधी लघवीची तपासणी, आणि लघवी करून आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत बघून घ्यावं. धार बारीक झाली असेल, जोर करावा लागत असेल, तर मूत्रमार्ग आकसलेला असू शकतो. अशा वेळी घाई कमी करणारी गोळी घेतली तर लघवी पूर्ण अडू शकते. लाल लघवी एकदाच झाली, दुखलं नाही, तरी ‘उष्णता’ म्हणून सोडू नये. आदल्या दिवशी बीट खाल्लं होतं का ते जरूर आठवावं, पण तेवढ्यावर निकाल देऊ नये. मूत्राशयात दुर्बीण घालून पाहावंच लागतं. रक्ताच्या गाठी पडून लघवी बंद झाली, ओटीपोट तट्ट झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. तिथे तीन तोंडांची नळी घालून सलाइनने गाठी धुऊन काढतात.

कोशिंबिरीचं मात्र सरसकट चूक म्हणता येत नाही, कारण चोथा दोन प्रकारचा. साली, बिया, कोंडा, कच्चा कांदा, पेरू, मोड आलेली कडधान्यं यांचा चोथा आतडं खरवडत आणि ढकलत जातो. घाईची संडास असणाऱ्याला तो नको. इसबगोल, सोललेलं सफरचंद, दुधी, शिजवलेलं गाजर यांचा चोथा पाणी शोषून मऊ लगदा बनतो. तो पातळ संडास बांधतो आणि घट्ट संडास मऊ करतो. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून सुरू करावा, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर. नुसता कोरडा टाकून दोन घोट प्यायलं तर त्याचा बोळा होतो. दोन आठवडे दूध सोडून पाहण्यासारखं आहे. एवढ्याने भागलं नाही, विशेषतः शेक ओटीपोटातल्या लसीका गाठींनाही (लिम्फ नोड) दिलेले असतील, तर पित्ताम्लं न शोषली जाणं किंवा लहान आतड्यात जंतू वाढणं ही कारणं असू शकतात. दोन्हींवर औषध आहे, पण पोटाच्या डॉक्टरांनी ती शोधावी लागतात.

नातवंडांचं एका वाक्यात संपतं: बाहेरून यंत्राने दिलेले शेक अंगात अजिबात उरत नाहीत, पहिल्या दिवसापासून मांडीवर घ्या. अपवाद प्रोस्टेटमध्ये कायमचे किरणोत्सारी दाणे बसवलेल्यांचा. आयोडीन-१२५ची शक्ती दर ६० दिवसांनी निम्मी होते, आणि ती पुरेशी उतरेपर्यंत लहान मुलं व गर्भवती यांच्यापासून किती अंतर ठेवायचं ते तुमचे डॉक्टर सांगतात.

राहिली गोळी. ताठरता शस्त्रक्रियेनंतर एकदम जाते, शेकांनंतर ती दोन-तीन वर्षांत हळूहळू उतरते, म्हणून ती वयाच्या नावावर खपते. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल अनेकांना उपयोगी पडतं. पण छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्याने किंवा नायट्रेटची रोजची गोळी घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब इतका कोसळतो की माणूस उठत नाही. उलट बाजूनेही तेच: सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट चालत नाही. छातीत दुखून दवाखान्यात गेलात तर संकोच बाजूला ठेवून हे आधी सांगायचं. लघवीची धार सुधारण्यासाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून सुरुवात कमी मात्रेने. सिल्डेनाफिल तुपकट जेवणावर घेतलं तर उशिरा लागू पडतं. आणि हार्मोनचं इंजेक्शन (कॅन्सरसाठी पुरुषी हार्मोन दाबणारं) चालू असेल तर इच्छाच मंदावलेली असते. गोळी तिथला रक्तप्रवाह वाढवते, इच्छा आणत नाही. अंगातून गरम वाफा येणं, स्नायू झडणं, हाडं ठिसूळ होणं हेही त्या इंजेक्शनचं, शेकांचं नव्हे.

पुढच्या प्रत्येक डॉक्टरला शेकांची माहिती देता यावी यासाठी एक कागद रुग्णालयातून मागून घ्या: एकूण किती ग्रे, किती दिवसांत, कोणत्या तारखांना, नुसत्या प्रोस्टेटला की लसीका गाठींनाही, आणि हार्मोनचं इंजेक्शन कोणतं व कधीपर्यंत. फाइल माळ्यावर जाते, म्हणून त्याचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये ठेवावा, आणि दुर्बीण करणाऱ्याला तो आधी दाखवावा.