बुटांच्या खोक्यातली पुडी चिवड्यात घालू नका, प्लीज

"चिवडा-वेफर्स का सादळतात, कंपन्या लपवतात ते सत्य" हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आलाच असेल. मी हसून सोडून दिला होता. पण परवा मावशीकडे गेले, चिवड्याचा डबा उघडला तर आत चक्क बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी. आता लिहिणं भाग आहे.

पहिला मुद्दा म्हणे, सादळलं म्हणजे तेलात भेसळ. अहो, सादळणं वेगळं आणि खवट होणं वेगळं, आपल्या आज्यांनी उगाच दोन शब्द ठेवले नाहीत. खवट होतं ते तेल, मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजनने. सादळतं ते दमट हवेतलं पाणी ओढून. कोरडा असताना आतला स्टार्च काचेसारखा कडक असतो म्हणून कटकन मोडतो, पाणी शिरलं की तोच चिवट. १९८१ साली कॅट्झ आणि लाबुझा या अन्नशास्त्रज्ञांनी बटाटा चिप्स, पॉपकॉर्न वगैरेंवर हे मोजलंय, साधारण ३५ ते ५० टक्के आर्द्रतेच्या हवेशी जुळेल इतकं पाणी आत गेलं की कुरकुरीतपणा संपला. मुंबईत जुलैत आर्द्रता ८० च्या पुढे असते, मग घाण्याच्या तेलातला चिवडा असला तरी ताटलीत उघडा ठेवला की मऊच पडणार ना!

दुसरा, पाकिटात विषारी गॅस. नायट्रोजन असतो तो. आत्ता श्वास घेताय त्यात ७८ टक्के तोच आहे. पाकीट अर्धं रिकामं असतं हा राग मात्र खरा, मलाही येतो.

आता ती पुडी, बुटांच्या खोक्यातली डब्यात टाका हा फॉरवर्डचा सल्ला. सिलिका जेल ओल शोषतं हे खरं, आणि खाण्याच्या वस्तूंसाठी वेगळ्या पुड्या मिळतात हेही मान्य. पण बुटांची पुडी?? ती चामडं-रबराच्या वासात महिनोन्महिने पडलेली, हवेतली ओल पिऊन आधीच टम्म, कोरड्या चिवड्यात घातली तर उलट चिवड्यालाच पाणी देईल. दाणे निळे असतील तर बऱ्याचदा तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो, आणि ते पोटात जायची वस्तू नाही. पुडीवर 'खाऊ नये' छापलेलं असतं ते फॉरवर्ड करणाऱ्याला दिसलं नाही का? मावशीच्या डब्यातली पुडी एका कोपऱ्याला फाटलेली होती आणि तिचा नातू चार वर्षांचा आहे, त्याला निळा दाणा काय आणि डाळं काय.

चिवडा फ्रीजमध्ये ठेवा हा फॉरवर्डचा सल्ला तर सोडाच, थंड डबा बाहेर काढून उघडला की दमट हवेतलं पाणी थेट चिवड्यावर बसतं.

चिवडा पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, सादळलाच तर कढईत मंद आचेवर परत परता, पाणी उडून जातं. खवट झाला असेल तर फेका, तो परतून सुधारत नाही.

मावशीचा डबा मी सगळा ओतून दिला. दोन किलोचा होता, ती अजून बोलत नाहीये माझ्याशी.